आधी नलिनीचं रिटर्न

आयकर खात्याला जे समजत नाही ते दत्ताराम परबांना समजतं, असं बोरिवलीच्या बाभईत एक मत होतं. मूळ मत परबांचंच, पण पसरलं चांगलं होतं. पालिकेतून निवृत्त झाल्यापासून ते शेजाऱ्यांची रिटर्नं भरून देत. नोंदणीत मोबाइल मात्र शेजाऱ्यांचा घालत नसत. ओटीपी आला की लोक आधी चष्मा शोधतात, मग फोन. म्हणून सर्वांना परबांचाच नंबर. पुढे पोर्टल म्हणालं, हा नंबर आता पुरे. तेव्हा उरलेल्यांना बायकोचा लावला.

शेवटच्या तारखेला शेजारचा ज्युलियस मिरांडा समोर येऊन बसला. कॅनडात त्याच्या मुलीचं, मोनिकाचं बाळंतपण होतं. व्हिसाला यंदाचं रिटर्न हवं होतं आणि कागद उद्याच द्यायचे होते.

परबांनी बटण दाबलं. "ओटीपी आला की झालं."

"कुठे येणार?"

"नलिनीच्या फोनवर."

"आणि वहिनी कुठेत?"

वहिनी जोगेश्वरीला, शकुकडे, बहिणीकडे होत्या. परबांनी फोन स्पीकरवर लावला. लपवण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

"अगं, ज्युलियसचा ओटीपी आला असेल, तो सांग."

"आलाय. आधी माझं रिटर्न भरा."

"तुझं कसलं?"

"मसाल्याचं. मसाला कुटायची डंकी घ्यायचीय. बँकवाली म्हणते, रिटर्नशिवाय कर्ज नाही. महिनाभर सांगतेय तुम्हाला."

"घरात बसून मसाला करतेस, त्याला धंदा म्हणत नाहीत."

"नका म्हणू. ठेवते मी."

ज्युलियस पुढे सरकला. "दत्ता, म्हण ना धंदा. तुझ्या बापाचं काय जातं?"

परबांनी धंदा म्हटलं. मग वर्षाची विक्री विचारली. नलिनीबाईंनी सांगितली. परबांनी पुन्हा विचारली, पुन्हा तीच आली. मिरच्या, धणे, पिशव्या, रिक्षा सगळं वजा करूनही जे उरलं ते परबांच्या पेन्शनपेक्षा जास्त होतं. हे ज्युलियसला दिसू नये म्हणून त्यांनी लॅपटॉप वळवला. फोन स्पीकरवरच होता.

"झकास, वहिनी," ज्युलियस म्हणाला.

"आणि खर्चात तुमची फी घाला," नलिनीबाई म्हणाल्या. "भावजी देतात तेवढीच."

"तो पापलेट देतो."

"मग ते तुमच्या रिटर्नमध्ये कुठे दाखवता?"

परबांनी घसा साफ केला. "घरच्यांकडून मी फी घेत नाही."

नलिनीबाईंचं रिटर्न गेलं. त्याचा ओटीपी त्यांनी लगेच सांगितला. ज्युलियसचा एव्हाना शिळा झाला होता. नवा मागवला, तोही त्यांनी एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. पोर्टलवर हिरवी खूण आली. ज्युलियसने छातीवर क्रूस काढला आणि पावती छापायला निघून गेला.

"झालं ना मनासारखं?" परब म्हणाले. "आता ये जेवायला."

"आज नाही. शकुबरोबर अंधेरीला डंकी बघायला चाललेय. फ्रिजमध्ये कालचं सांबारं आहे, भात तेवढा लावा."