कस्तुराबाईची बुटकी गाडी

कस्तुराबाईच्या घरात तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. मुलगा भीमराज चाकणच्या कंपनीत लाइनवर कामाला होता, पण शिफ्ट बदलून घ्यायची तरी आधी आईला विचारायचा. सून रुपाली पार्लर चालवायची, दहा बायकांच्या भुवया रोज कोरायची, पण घरात आमटीला चिंच घालायची का आमसूल, ते सासू ठरवायची. रहाटणीच्या त्या गल्लीत कचऱ्याची गाडीसुद्धा कस्तुराबाईच्या दारापुढं जरा जास्त वेळ थांबायची.

एक डावा गुडघा तेवढा ऐकत नव्हता.

जिना चढताना तो कुरकुर करायचा, एवढंच. पण भीमराजनं गाडी घेतली आणि गुडघ्यानं उघड बंड केलं. गाडी देखणी होती, पांढरीशुभ्र, जीपसारखी उंच, रस्त्यात उभी राहिली की चार माणसांनी बघावं अशी. पण तिच्यात चढायचं म्हणजे पाय कमरेएवढा उचलायचा. कस्तुराबाई दाराची दांडी धरायची, जोर करायची, आणि गुडघा म्हणायचा, नाही.

त्यावर रुपालीनं तोडगा काढला. मोरीतलं निळं प्लास्टिकचं स्टूल ती डिकीत ठेवायला लागली. दोन-चारदा निभावलं. मग कस्तुराबाईच्या लेकीला, स्वरूपाला, लग्नानंतर निघोज्याला सासरी पोचवायला सगळी मंडळी गेली. परतताना निम्मी गल्ली निरोपाला रस्त्यावर उभी. रुपालीनं मोठ्या भक्तीनं स्टूल आणून गाडीच्या दारापुढं ठेवलं.

विहीण गयाबाई हनुवटीवर बोट ठेवून बघत होती. ती म्हणाली, "ईनबाई, घोड्यावर चढायला नवरदेवाला स्टूल लागतं बघा. तुमचं लगीन ठरलं का काय?"

गल्ली खो-खो हसली. स्वरूपाचा नवराही हसला, मग बायकोकडं बघून खोकला. कस्तुराबाई चढली, बसली, पदर सारखा केला. रहाटणीला दारात उतरल्यावर म्हणाली, "भीमराज, ही गाडी खाली बसव."

"म्हणजे?"

"म्हणजे बुटकी कर. पोरं करत्यात न्हवं का, जमिनीला टेकल्यावानी? तशी. गाडीनं माझ्याम्होरं वाकावं. मी तिच्याम्होरं वाकायची न्हाई."

"अगं आई, ती पोरं हौसेला करतात."

"मग मला काय हौस न्हाई?"

भीमराज गाडी घेऊन निघाला. काळेवाडीत एक गॅरेज होतं, तिथं पोरांच्या गाड्या खाली बसवून द्यायचे. तिथल्या माणसानं चारही स्प्रिंगांची वेटोळी कापली आणि गाडी अशी खाली आणली की फूटपाथवरचं कुत्रं तिच्या बोनेटकडं बरोबरीच्या नात्यानं बघायला लागलं. कस्तुराबाईनं दार उघडलं, पाठ फिरवली आणि खाटेवर बसावं तशी आत बसली. गुडघ्याला कळलंसुद्धा नाही.

चाकणच्या वाटेवर भीमराजच्या ओळखीचा नवनाथ अलाइनमेंटचं दुकान चालवायचा. कामावर जाता जाता भीमराजनं त्याला गाडी दाखवली. नवनाथ गुडघ्यावर बसून चाकांकडं बघत राहिला.

"भीमराजभाऊ, आठवडाभर चालवा. स्प्रिंगा जरा बसू द्या. मग गाडी रिकामी घेऊन या, चाकं सरळ करून घेऊ. विसरू नका. गाडी खाली आली की चाकांची ठेवण बिघडते."

भीमराज विसरला नाही. पण गाडी रिकामी मिळेना.

कारण कस्तुराबाई नातेवाइकांना भेटायला निघाली होती. इतकी वर्षं ज्यांच्या घरी ती गेली नव्हती, त्यांच्याही घरी गेली. भोसरीला चुलत नणंदेकडं, ताथवड्याला भाच्याच्या नव्या फ्लॅटवर, देहूरोडला विहारात आणि तिथून मावसबहिणीकडं. सगळीकडं जयभीम घालायची, चहा घ्यायची, फार वेळ टेकायची नाही. खरं काम बाहेर असायचं. निरोपाला माणसं दारात आली की ती गाडीपाशी जायची, कुणाचा हात न धरता बसायची आणि काच खाली करून म्हणायची, "येते." रविवार आला की भीमराज म्हणायचा, "आई, आज नवनाथकडं जाऊ दे." आणि आई म्हणायची, "गाडी सरळ चालतीय न्हवं? मग सरळ चाललेलीला काय सरळ करायचं?"

वर रविवारी आणखी एक विधी असायचा. गाडी धुवून झाली की रुपालीनं टायरांना काळं पॉलिश लावायचं. कस्तुराबाईच्या संसाराचा तो नियमच होता. भांडं असो, उंबरा असो, माणूस असो, चारचौघांना दिसणारी बाजू चकचकीत पाहिजे. टायर असे चमकायचे की काल शोरूममधून आणल्यासारखे.

गाडीनं बाकी कुरबूर केली, पण ती इतरांना सोसावी लागली. मोठा गतिरोधक आला की गाडीचं पोट घासायचं. मग भीमराज गाडी थांबवायचा, रुपाली उतरायची, सोबत जे पाहुणे असतील तेही उतरायचे, आणि हलकी झालेली गाडी तिरकी होत होत पलीकडं जायची. कस्तुराबाई आतच. पाहुणे मागून चालत येऊन पुन्हा बसायचे. एकदा चुलत नणंद म्हणाली, "वैनी, यापरीस पीएमटीनं आले असते." कस्तुराबाई म्हणाली, "पीएमटीत तुला उतरून चालाय मिळालं असतं का?"

पावसाळा सरला आणि गाडीतून आवाज यायला लागला. जात्याची घरघर लांबून ऐकू यावी तसा. वेग वाढला की आवाज वाढायचा. पुढं स्टिअरिंगही डावीकडं ओढायला लागलं.

"डावीकडं मी बसते म्हणून," कस्तुराबाई म्हणाली. "भार हाय माझा."

"तुझा भार सगळीकडंच आहे, आई," भीमराज पुटपुटला. रुपालीनं खिडकीबाहेर बघून हसू लपवलं.

एवढ्यात निघोज्याहून फोन आला. स्वरूपाचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत दोन्ही घरांना मान्य होती. येत्या रविवारी न्यायला या, असा निरोप गयाबाईनं दिला. मग कस्तुराबाईच्या डोक्यात रविवार दिसू लागला. निघोज्याची तीच गल्ली, तीच माणसं, हनुवटीवर बोट ठेवून गयाबाई, आणि ही बुटकी गाडी. पाठ फिरवायची, बसायचं, काच खाली करायची. "येते, ईनबाई." वर्षभराचं देणं एका बैठकीत फिटणार होतं.

भीमराज मात्र यावेळी अडून बसला. "स्वरूपाला त्या आवाजात घेऊन येणार नाही," म्हणाला, आणि शुक्रवारी गाडी नवनाथकडं घेऊन निघाला. काय बोलतात ते ऐकायला आई सोबत आली.

नवनाथनं पुढचं चाक खोललं आणि आडवं करून कस्तुराबाईच्या पायांपुढं ठेवलं. बाहेरची कड नवीकोरी, नक्षी खोल, पॉलिश चमकतंय. आतली कड मात्र गुळगुळीत, टकलासारखी, आणि एके ठिकाणी रबर फाटून आतल्या तारा बाहेर आलेल्या.

"हे कुणाचं?" कस्तुराबाईनं विचारलं.

"तुमचंच, मावशी. आत्ताच काढलं."

"पण रुपाली तर दर रविवारी…"

"बाहेरून बघितलं की कळत नाही." नवनाथनं दोन्ही तळहात उभे धरले आणि वरून एकमेकांकडं कलते केले. "गाडी खाली बसली की चाकं अशी होतात. वरून आत, खालून बाहेर. मग सगळा भार आतल्या कडेवर. त्यात ती जरा बाहेरच्या अंगाला तोंड करून पळत होती, म्हणजे रस्ता टायरला कानशीसारखा घासत होता. लगेच आणली असती तर तोंड तरी सरळ केलं असतं."

"मग आता कर."

"तोंड करतो. पण हा कल निघायचा नाही. थोडी खाली घेतली असती तर जमलं असतं. ही लई कापली."

"नवीन टायर टाकले तर?" भीमराजनं विचारलं.

"टाका की. सहा महिन्यांनी पुन्हा असेच. बाहेरून तेही चमकतील."

नवनाथ भीमराजकडं बघत म्हणाला, "एवढ्या खाली कुणी घ्यायला सांगितली राव?"

भीमराज पान्याला लागलेलं ग्रीस पुसत राहिला. त्यानं आईचं नाव घेतलं नाही. कस्तुराबाईनं ते ऐकलं, म्हणजे जे बोललं गेलं नाही ते. तिनं खाली बघितलं. तिची डावी चप्पल आतल्या अंगानं पार झिजली होती. तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

"हा रस्त्यात फुटला तर?" तिनं विचारलं.

"चाकण रोड आहे, मावशी. मागं कायम कंटेनर असतो."

 बाहेर एक ट्रेलर गेला आणि दुकानाचा पत्रा थरथरला.

"कंपनीतनं आली तवा जशा व्हत्या तशा स्प्रिंगा घाल," कस्तुराबाई म्हणाली. "टायर नवीन टाक. काय सरळ करायचं ते सगळं कर."

"गाडी पुन्हा उंच होईल, आई," भीमराज हळूच म्हणाला.

"मला उंची कळती."

संध्याकाळी गाडी तयार झाली. नव्या टायरांवर, जुन्या उंचीवर, मान वर करून उभी. भीमराजनं दार उघडलं. कस्तुराबाईनं दाराकडं बघितलं, दुकानातल्या माणसांकडं बघितलं, आणि रिक्षाला हात केला. ती रिक्षानं घरी आली. मागून भीमराज मोकळी गाडी चालवत आला.

रविवारी निघताना रुपालीनं निळं स्टूल पदराआड डिकीत सरकवलं. कस्तुराबाईला दिसलं. तिनं ते राहू दिलं. घराच्या मागच्या बोळात, कुणी नाही असं बघून, ती भिंतीचा कठडा धरून कशीबशी गाडीत शिरली. उतरताना प्रश्न नव्हता, उतरताना माणूस घसरत येतं. प्रश्न परत चढायचा होता. निघोज्याला गयाबाईनं पोहे केले होते, चांगले झाले होते, पण कस्तुराबाईला चव लागली नाही. पोह्यांत तिला शेंगदाण्यांऐवजी त्या गाडीची पायरीच दिसत होती.

"गाडी मोठी दिसाय लागली परत," गयाबाई म्हणाली.

"वाढतं वय हाय तिचं," कस्तुराबाई म्हणाली.

निघायची वेळ झाली. गल्ली बाहेर आलीच होती. स्वरूपा पोटावर हात ठेवून गाडीपाशी आली. चेहरा उतरलेला, पाय सुजलेले. तिनं पायरीकडं बघितलं आणि थांबली. रुपालीनं सासूकडं एकदा भीत भीत बघितलं, मग डिकी उघडून स्टूल आणलं आणि नणंदेपुढं ठेवलं.

"अगं बया!" गयाबाईचं बोट हनुवटीवर गेलं. "आता लेकीला बी स्टूल? खानदानी दिसतंय. आमी नववा भरेस्तोवर ट्रॅक्टरवर चढत व्हतो."

दोघी-तिघी हसल्या. स्वरूपानं स्टुलावर ठेवायला उचललेला पाय मागं घेतला. तिला याच घरी परत यायचं होतं. तिनं स्टूल पायानं बाजूला सारलं, दांडी धरली आणि तशीच चढायला गेली. पोट आडवं आलं. तोल गेला, भीमराजनं दंड धरला म्हणून बरं. तरी ती पुन्हा पाय उचलायला लागली.

"थांब," कस्तुराबाई म्हणाली.

स्वरूपा थांबली. सगळेच थांबले.

"मोठ्यांच्या आधी चढायची रीत हाय का आपल्यात? हो मागं." कस्तुराबाई पुढं आली. "रुपाली, स्टूल ठिव हितं. नीट ठिव, डुगडुगतंय. आन् खांदा दे."

रुपालीनं स्टूल ठेवलं आणि खांदा दिला. कस्तुराबाईनं सगळ्या गल्लीसमोर स्टुलावर पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि तिथंच, स्टुलावर उभी असताना, मागं वळली.

"ईनबाई, मागल्या टायमाला तुमी इचारलं व्हतं, लगीन ठरलं का म्हणून. ठरलं म्हणा. वऱ्हाडात या, पण ट्रॅक्टर घेऊन या. आमच्या गाडीत चढाय लई हिंमत लागती."

गल्ली हसली. यावेळी गयाबाईही हसली, तोंडाला पदर लावून, नको नको म्हणत. कस्तुराबाई आत सरकली. गुडघ्यातून कळ मस्तकात गेली, ती तिनं गिळली, आणि आतून लेकीला हात दिला. स्वरूपा स्टुलावर चढली आणि सहज आत येऊन बसली. आता कुणाला बघण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. रुपालीनं स्टूल उचलून डिकीत टाकलं, यावेळी पदराआड नाही.

"येते, ईनबाई," कस्तुराबाई काच खाली करून म्हणाली.

गाडीत घरघर नव्हती. स्वरूपा आईच्या खांद्यावर डोकं टेकून पेंगायला लागली. गावाबाहेर पडताना मोठा गतिरोधक आला आणि भीमराजनं सवयीनं गाडी थांबवली. रुपालीनंही सवयीनं दाराला हात घातला.

"काय झालं?" कस्तुराबाईनं विचारलं.

"काही नाही, आई."

गाडी सगळ्यांना घेऊन वरून निघून गेली. पोट घासलं नाही.