लिंडनवरचे ढेकूण

आईला नागपुरात बसून समजावं म्हणून धम्मदीपाने एकदा फोनवर सांगून टाकलं होतं, "मी ढेकणांवर पीएचडी करते." तिचे ढेकूण माणसाला चावणारे नव्हते. ते झाडावर राहून बिया चोखणारे, दक्षिण युरोपातून सरकत सरकत नेदरलँड्सपर्यंत आलेले. तिथल्याच डीमन गावात तिच्या इमारतीसमोर लिंडनचं झाड होतं. त्याच्या खोडावर ते हिवाळाभर हजारोंनी एकमेकांना चिकटून बसत, आणि त्यातले किती जगले ते ती दर आठवड्याला मोजायची.

फेब्रुवारीत आई राहायला आली. एका दुपारी धम्मदीपा सायकलवरून उतरली, तर खोडातून वाफा निघत होत्या. खाली काळ्या-लाल किड्यांचा सडा पडला होता आणि आई रिकामी किटली घेऊन उभी होती.

"पाच किटल्या लागल्या," आई म्हणाली. "तू लहान असताना खाटेवर असंच उकळतं पाणी ओतायचे मी. चार वर्षं शिकूनही तुम्हाला एवढं सुचलं नाही?"

धम्मदीपाने ओरडायला तोंड उघडलं, पण आईची बोटं भाजून लाल झाली होती.

"संपलं ना आता तुझं काम," आई म्हणाली. "मग चल घरी, नागपूरला."