पांढऱ्या बोगनवेलीचं कडं

बाळकुमच्या टॉवरमध्ये राहायला येऊन केशरबाईंना वर्ष होत आलं होतं आणि तेवढ्या काळात त्यांच्या दाराची बेल वाजवली ती फक्त कुरिअरवाल्यांनी. तेही पार्सल ठेवून, त्याचा फोटो काढून पसार. वागळे इस्टेटच्या चाळीत दार लावायची पद्धतच नव्हती. साखर मागायला आलेली बाई गप्पा मारत बसायची आणि रिकामी वाटी घेऊन घरी जायची. इथं मजल्यावरची सगळी दारं बंद, आणि लिफ्टमध्ये भेटलेली माणसं मजल्यांच्या आकड्यांकडे डोळे लावून उभी, जशी काही तिथं कुणाची लॉटरी लागणार आहे.

केशरबाईंच्या मनात आणखी एक शंका होती. दारावरच्या पाटीवर त्यांच्या मुलाचं नाव ठसठशीत अक्षरांत होतं, धम्मपाल. पाटी वाचून माणसं मागं फिरतात हे त्यांनी आयुष्यात पाहिलं होतं. इथंही तेच होतं, की इथं कुणीच कुणाकडे जात नाही, हे कळायला मार्ग नव्हता. दोन्हीपैकी काहीही असो, लागायचं ते मनाला लागत होतंच.

पण खरा घोर होता तो आबांचा. आबा म्हणजे केशरबाईंचा नवरा. मुलगा-सूनसुद्धा त्यांना आबाच म्हणत. वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून हयात गेलेला माणूस. चाळीत कुणी गेलं की पहिली हाक आबांना. बांबू आणायचे, तिरडी बांधायची, पुढचा खांदा धरायचा, आणि परत आल्यावर त्या घरातल्यांना दोन घास खायला लावूनच आपल्या घरी यायचं. इथं त्यांना काही कामच उरलं नव्हतं. गॅलरीत खुर्ची टाकून ते दिवसभर खाडीकडे बघत बसत आणि खाली उतरायचं नाव काढत नसत.

चाळीतल्या खोलीचा भाडेकरू सोडून गेला, तसं त्यांनी जाहीर केलं की बुद्ध पौर्णिमा झाली की आपण तिथं राहायला जाणार. केशरबाईंनी कारण विचारलं, तर म्हणाले, "इथं मेलो तर खांदा कोण देणार? धम्मपाल एका बाजूनं धरेल. बाकीच्या तीन बाजू काय लिफ्ट धरणार?"

केशरबाईंनी त्यांच्यासोबत जावं, तर छोट्या नातीला, पायलला, कोण सांभाळणार; धम्मपाल आणि सून प्रीती दोघंही नोकरीवाले. इथं राहावं, तर या वयात गुडघे धरत आबा एकटे पिठलं ढवळणार. विचार करकरून बाईंच्या डोक्याचा भुगा झाला. आबांनी मात्र शर्ट घड्या घालून बॅगेत भरलेसुद्धा. कपाटात तारेचे हँगर नुसते लोंबकळत राहिले. ते बघायला नको म्हणून केशरबाई कपाट उघडायचंच टाळू लागल्या.

अशात प्रीतीनं त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. वसंत आला की परदेशात लोक दारावर फुलापानांचं गोल कडं लावतात. हल्ली आपल्याकडेही निघालंय, दार सजलेलं दिसलं की माणसं थांबून बघतात, असं ती सहज बोलून गेली. माणसं थांबतात, एवढंच केशरबाईंनी ऐकलं. मग त्यांनी तयार कड्याची किंमत पाहिली. त्या पैशात बरी साडी आली असती. त्या म्हणाल्या, मी घरीच करते, आणि कधी नव्हे ते कपाट उघडून त्यांनी आबांचे सगळे हँगर बाहेर काढले.

तारा ओढून गोल केल्या. टोकं काही जुळेनात, तेव्हा पक्कड घेऊन आबांपुढे गेल्या. आबांनी काय, कशाला, काही विचारलं नाही, पण हातातली तार पाहून त्यांना राहवलं नाही. वाकडीतिकडी सगळी ठाकठीक केली आणि टोकं अशी पिळली की बोटाला टोचू नयेत. त्यावर केशरबाईंनी वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या बांधल्या आणि वरून जुन्या साडीच्या चिंध्या घट्ट लपेटल्या. हिरव्या ब्लाउजपीसची पिंपळपानं कातरली. राहिली फुलं. कम्पाउंडच्या भिंतीवर पांढरी बोगनवेल नुसती सांडत होती आणि झाडणारी बाई ती पोत्यात भरून टाकून देत होती. बोगनवेल सुकली तरी कागदासारखी टिकते. केशरबाईंनी त्या झाडणाऱ्या बाईकडून पिशवीभर मागून आणली, गॅलरीत वाळवली आणि दोऱ्यात झुबके ओवून कड्यावर शिवून टाकले.

पांढराच रंग का, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर त्या चक्रावल्या असत्या. पौर्णिमेला पांढरंच. लग्नात त्या स्वतः पांढऱ्या साडीत उभ्या होत्या. आणि गोल फुलांचं चक्र त्यांनी दर जयंतीला पुतळ्याशी ठेवलेलं बघितलं होतं. यापेक्षा मानाची वस्तू दारावर दुसरी कुठली लावणार?

पौर्णिमेच्या सकाळी कडं दारावर चढलं. घरातल्या सगळ्यांनी पांढरे कपडे घातले. अंबरनाथहून धम्मपालचे मामा-मामी आले, त्यांच्या चपला दाराबाहेर. धीरगंभीर आवाजात वंदना झाली. केशरबाईंनी चाळीच्या सवयीनं पातेलंभर खीर केली होती आणि आता ती द्यायची कुणाला, या विवंचनेत त्या होत्या. मामा-मामी लवकर निघाले. थोड्या वेळानं बेल वाजली.

दारात समोरचे चांगदेवराव होते, हातात पिशवी, आणि मागं त्यांच्या बायको प्रमोदिनीताई, डोक्यावरून पदर घेतलेला. केशरबाईंनी आनंदानं दार सताड उघडलं. प्रमोदिनीताईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"वहिनी, कधी झालं?"

"सकाळीच झालं," केशरबाई हसून म्हणाल्या. त्यांना वाटलं, वंदनेचं विचारतायत.

प्रमोदिनीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दुःखानं बाईचं डोकं फिरलंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. चांगदेवरावांनी घसा साफ केला. "आबांना काही त्रास?"

"त्यांना कसला त्रास? मांडी घालून बसले होते. शेवटपर्यंत म्हणत होते, एक शब्द चुकला नाही."

"पुण्यवान माणूस," चांगदेवराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "दर्शन घेता येईल का?"

"घ्या की. त्यासाठी विचारायचं काय?" केशरबाईंनी भगवंतांच्या मूर्तीकडे बोट दाखवलं आणि बाजूला झाल्या.

दोघं हात जोडून, मान खाली घालून आत आले. मूर्तीशेजारच्या खुर्चीत पांढराशुभ्र सदरा घालून आबा बसले होते आणि फुंकर मारमारून खीर खात होते. त्यांनी वर पाहिलं. प्रमोदिनीताईंच्या तोंडून नुसतं "अगं बाई" निघालं. चांगदेवरावांच्या हातातली पिशवी कलंडली आणि तिच्यातून झेंडूचा जाडजूड हार अर्धा बाहेर आला.

मग जे काय ते उलगडलं. दारावरचं पांढरं चक्र, बाहेरच्या चपला, पांढरे कपडे, आतून येणारं ते गंभीर पठण. महिनोन्महिने न दिसलेले आबा. सगळ्यांनी दोन आणि दोन मिळवून पाच केले होते. विंगच्या ग्रुपवर श्रद्धांजल्यासुद्धा पडल्या होत्या. धम्मपालनं सकाळपासून फोन बघितला नव्हता. केशरबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माणसं थांबावीत म्हणून दार सजवलं, आणि माणसं आली ती नवऱ्याला पोचवायला.

आबांनी वाटी खाली ठेवली. "हार माझ्यासाठीच ना?"

चांगदेवराव हार पिशवीत कोंबायला लागले. त्यांची मान वर होईना.

"मग घाला. वाया कशाला घालवायचा?"

चांगदेवरावांनी खरंच हार घातला. प्रीती तोंडावर ओढणी दाबून आत पळाली. आबा हसत होते, तेवढ्यात चांगदेवराव म्हणाले, "जरा फोन करतो. खाली चौघं थांबलेत, त्यांना घरी जायला सांगतो."

"चौघं कोण?"

"खांद्यासाठी. वरच्या मजल्यावरचा तो पोरगा, संदेश, कामावर निघालेला, अर्ध्या रस्त्यातून परत आलाय."

आबांचं हसू थांबलं. ते हारातल्या एका फुलाशी चाळा करू लागले. "मला ओळखतपण नाहीत ते," ते म्हणाले.

"नाही ओळखत. पण आपल्या विंगमधलं माणूस गेलं म्हटल्यावर घरात कसं बसायचं?"

"मग आजवर आला का नाहीत?"

चांगदेवराव ओशाळले. "दार कायम बंद असायचं तुमचं. वाटलं, तुम्हाला कुणी आलेलं आवडत नसेल."

केशरबाईंनी दाराकडे पाहिलं. ते बंद ठेवायला इथं आल्या दिवशीच शिकल्या होत्या त्या. वर्षभर दोन्हीकडची माणसं आपापल्या कडीला हात लावून बसली होती, आणि कुणीतरी आधी मरायला हवं होतं. त्यांना रडू आलं, पण हातात वाट्या होत्या. प्रमोदिनीताईंपुढे खीर ठेवताना ती जुनी शंका परत आलीच. खातील की नाही, म्हणून केशरबाई वाटीकडे बघत उभ्या राहिल्या. प्रमोदिनीताईंनी चमचा बाजूला ठेवला, वाटी तोंडाला लावून रिकामी केली आणि आणखी मागितली.

"त्या चौघांना वर बोलवा," आबा म्हणाले. "आलेच आहेत तर खीर खाऊन जाऊ देत."

ते आले, त्यांच्यामागून आणखी कोणकोण आलं. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला. आबा गळ्यात हार घालून मधोमध बसले आणि तिरडीची गाठ कशी मारायची हे संदेशला समजावून सांगू लागले, कारण आजकालच्या पोरांना ती येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

सगळे गेल्यावर केशरबाई भांडी घासत होत्या. आतल्या खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. त्यांचा हात थांबला. पौर्णिमा झाली होती आणि आबा दिलेला शब्द मोडणाऱ्यांतले नव्हते. ओल्या हातांनीच त्या दाराशी गेल्या.

बॅग पलंगावर उघडी होती. आबा हातात शर्ट घेऊन कपाटापुढे उभे होते.

"हँगर कुठं गेले गं सगळे?"

"दारावर आहेत," केशरबाई म्हणाल्या.

आबांनी थोडा विचार केला. "असू देत तिथंच," म्हणाले, आणि शर्टाची पुन्हा घडी घालून त्यांनी तो कपाटाच्या फळीवर ठेवला.