विणकर गल्लीतली दवंडी

मी एक जुनी हलगी आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, बाकी तुमच्यावर माझे प्रेम नाही. कालच तुमच्यापैकी दोघांनी बोरांच्या बिया नेम धरून माझ्यावर मारल्या. या नव्या वसाहतीच्या शाळेत, फाटक्या नकाशांशेजारी, मला खुंटीला टांगले आहे. तुम्ही रोज ज्या सर्व्हिस मोटारीने शाळेत येता, तिच्या वाटेत आधी काय होते ते तुम्हाला कुणी सांगितलेले नाही. मी सांगते. आवडले नाही तर कान झाका.

सांगोल्याकडच्या एका शेळीचे कातडे लाकडी कड्यावर ताणून मला घडवले. सोलापुरात सिद्धाप्पा दवंडीवाल्याने मला गळ्यात अडकवले, ते सोळा वर्षे. पाणी कधी सुटणार, देवी टोचणारे कुठे बसणार, कुणाची म्हैस हरवली, सगळे मीच गावभर केले. हलगीला एकच पथ्य असते. वाजवण्याआधी तिला विस्तवावर शेकायचे. कातडे तापले की आवाज कडक निघतो. सादळलेली हलगी नुसती फदफद करते. सिद्धाप्पा मला शेकल्याशिवाय कधी वाजवायचा नाही. एक दिवस सोडून.

सन चौतीसच्या आश्विनातली गोष्ट. होटगीच्या वाटेला बंगल्यांची वसाहत करायचे एका कमिटीने ठरवले होते. स्टेशनापासून तिथवर मोटार न्यायची, तर विणकर गल्लीतून रस्ता सरळ पडत होता. त्या गल्लीत तेलुगू विणकरांची साठ घरे. रोज सकाळी ताण्याच्या सुताला खळ लावायची आणि ते गल्लीभर लांब ताणून वाळवायचे, मगच ते मागावर चढे. एवढी लांब जागा कुणाच्या घरात असणार? गल्ली गेली की माग बंद. पण रस्ता काढण्याआधी लोकांना विचारायला हवे, असा नियम होता.

विचारायला आम्हीच गेलो. भर दुपारी, घराघरांत माग खडखडत असताना. आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि मी पार सादळले होते. सिद्धाप्पा विस्तव पेटवू लागला तशी बरोबर आलेले कमिटीचे कारकून नारायणराव करवादले.

“शेकत काय बसलास? हलगी वाजली पाहिजे असं कागदात आहे. ऐकू आली पाहिजे असं नाही.”

गल्लीच्या तोंडाशी उभे राहून सिद्धाप्पाने मला बडवले आणि ओरडला, “ऐका हो ऐका! हितनं मोटाररस्ता जानार हाय! ज्याची हरकत आसंल त्यानं पंधरा दिसांत लिवून द्यावी!”

एकही दार उघडले नाही. सोळाव्या दिवशी नारायणरावांनी कागदावर लिहिले: दवंडी दिली, हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात रस्त्याच्या आखणीचे खुंट ठोकायला माणसे आली ती थेट सुंदरम्माच्या ताणलेल्या सुतात घुसली. सुंदरम्मा विधवा, एकटीच्या हिमतीवर माग चालवणारी. तिने कचेरीत जाऊन असा काही दंगा केला की कमिटीच्या साहेबांना चौकशी लावावी लागली. त्यांनी ठरवले, माग चालू असताना पुन्हा हलगी वाजवून पाहायची. ऐकू आली नाही तर दवंडी नव्याने, हरकतीही नव्याने. गल्लीला मात्र आधी कळू द्यायचे नाही.

गल्लीला कळले नाही, पण नारायणरावांना कळले होते. साहेब यायच्या आधी त्यांनी कोपऱ्यापलीकडे गोवऱ्यांचा विस्तव करून मला चांगले शेकवून घेतले.

खोटे कशाला बोलू? कातडे तापले, समोर साहेब, सिद्धाप्पाच्या हाताला जोर आला आणि मलाही चेव चढला. सोळा वर्षांत अशी मी कधी वाजले नव्हते. एकेक माग थांबला. काही माणसे हातातल्या धोट्यासकट धावत बाहेर आली. सगळ्यांत पुढे सुंदरम्मा.

“खणखणीत आहे हलगी,” साहेब म्हणाले आणि वहीत लिहिले: ऐकू येते.

सुंदरम्माला काय घडले ते उमगले. ती सिद्धाप्पासमोर येऊन उभी राहिली.

“आज आली की रे ऐकू. त्या दिवशी कुटं गेला हुता आवाज?”

“तवाबी वाजवली हुती, आक्का.”

“आमाला ऐकू यावी म्हणून वाजवली हुती काय?”

‘शेकली न्हवती’ एवढे दोन शब्द तो बोलला असता तर गल्ली वाचती. साहेब अजून तिथेच होते. सिद्धाप्पाने नारायणरावांकडे पाहिले आणि मला पाठीमागे सरकवले. मला तोंड असते तर मी सांगितले असते, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावत असे. पण तोंड मला होतेच. ते मी शाबासकी मिळवण्यात खर्च केले, याची मला लाज वाटते.

उन्हाळ्याआधी रस्ता झाला. सुंदरम्माने माग मोडून लाकूड विकले आणि ती गिरणीत कामाला लागली. सिद्धाप्पाने मला कचेरीत ठेवून दिले, पुन्हा हात लावला नाही. नारायणरावांनी ‘जुने वाद्य’ म्हणून मला या शाळेला भेट दिली. त्यांचा बंगला तुमच्या मैदानापलीकडे आहे, तुम्ही त्यांना नमस्कार करता.

गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी म्हणायचे असते की जुन्या वस्तूंची निगा राखा. माझी राखू नका. पण तुमच्यातले काही उद्या कारकून होतील, एखादा साहेब होईल. कुणाची गल्ली घ्यायची वेळ आली आणि त्याला विचारायला गेलात, तर त्याचा माग थांबेपर्यंत दारात उभे राहा. तो बाहेर येईल. मग त्याला कळेल अशा बोलीत विचारा, आणि तो नाही म्हणाला तर मुकाट परत फिरा.