फोन न करण्याची सोय

आई रक्ततपासणीची लॅब चालवायची, आणि तिथला डेटाबेस शेवटच्या घटका मोजत होता. तो काढून नवा बसवून देतो, असं लेकाने बाबांना दर खेपेला कबूल केलं होतं. आला तो बाबा गेल्यावर. बड्या बड्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणारा हा माणूस, घरी मात्र दिव्याखाली अंधार.

रविवार होता, लॅब बंद होती. सगळ्या पेशंटचे रिपोर्ट त्या एका मशीनमध्ये. संध्याकाळपर्यंत नवं चालू झालं नाही, तर सकाळी दारात उभ्या राहणाऱ्यांना आई काय देणार होती? आधीच चौकातली नवी चकाचक लॅब तिची माणसं पळवत होती.

“अर्ध्या तासाचं काम आहे,” तो आल्या आल्या म्हणाला. हे वाक्य ज्याने उच्चारलं, त्याची दुपार गेलीच म्हणून समजावं.

त्याने सगळ्या रिपोर्टची प्रत वेगळ्या डिस्कवर काढली, जुना डेटाबेस थांबवला आणि नवा बसवायला घेतला. हिरवी पट्टी सरकत शेवटापर्यंत गेली, नवा सर्व्हर सुरू झाला आणि थोड्याच वेळात कोसळला. पुन्हा बसवला, पुन्हा तेच. मेमरी बघितली, डिस्कवरची जागा बघितली, परवानग्या बघितल्या. सगळं ठाकठीक, तरी कुठेतरी घोडं पेंड खात होतं.

मग त्याने सर्व्हरच्या बारीकसारीक हालचालींची नोंद ठेवणारी लॉग फाइल उघडली. खरं तर ती सगळ्यात आधी उघडायची असते. हाताखालच्या लोकांना तो हेच ऐकवून ऐकवून बेजार करायचा. फाइलमध्ये बिघाडाचा मागमूस नव्हता. सर्व्हर आपणहून कोसळतच नव्हता. कुणीतरी त्याला ‘बंद हो’ म्हणत होतं आणि तो बिचारा मुकाट ऐकत होता.

कोण, ते लवकरच सापडलं. मशीनवर एक छोटासा प्रोग्रॅम आपोआप चालत होता. जुना डेटाबेस जागा आहे ना, हे तो सारखा बघायचा. नसला, तर त्याच्या जागेवर जो कोणी बसला असेल त्याला हुसकावून जुन्याला पुन्हा उठवायचा. लिहिलेला इतका गबाळा, की एकच ओळ तीन-तीनदा.

“कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?” तो मोठ्याने म्हणाला आणि त्याने तो उडवून टाकला. तोही कायमचा, परत आणता येणार नाही असा. नको ते मागे ठेवायचंच नाही, ही त्याची सवय, आणि ऑफिसात तिचं कौतुक व्हायचं.

त्यानंतर सगळं सुतासारखं सरळ झालं. नवा सर्व्हर उभा राहिला, रिपोर्ट त्यात भरले गेले. आई मायक्रोस्कोप पुसत होती, ती फडका हातात घेऊनच आली.

“झालं?”

“झालं. कुणीतरी नसतं लचांड करून ठेवलं होतं. बंद पडलं की आपोआप उठवणारं. काढून टाकलं.”

आई फडक्याची घडी घालत राहिली. “ते तुझ्या बाबांनी केलं होतं.”

“बाबांनी?” जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर लॅबमध्ये रिपोर्ट टाइप केले, तेही एका बोटाने.

“मग! पुस्तकं काय आणली, व्हिडिओ काय बघितले. मला समोर बसवून समजावून सांगायचे. मला काय कळतंय डोंबल! जमलं त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.”

“मला विचारायचं ना, आई.”

“तूच म्हणालास ना, जमत नसेल तर लॅब बंद करा, पण मला मीटिंगमधून उठवू नका? मग म्हणाले, आता त्याला फोन करायचा नाही. आपणच काहीतरी सोय करू.”

म्हणाला होता तो तसं. बाबांचा फोन यायचा, “अरे, ते पुन्हा झोपलं बघ,” आणि सर्व्हर उठेपर्यंत जेवलास का, खोकला गेला का, तिकडे थंडी पडली का. मग फोन यायचे थांबले. चला, मशीन सुधारलं एकदाचं, असं त्याला वाटलं होतं, आणि त्याने आपणहून एकदाही फोन केला नाही. आता त्याला इतकी लाज वाटली, की आईकडे बघवेना.

उडवलेलं शोधून काढायच्या सगळ्या युक्त्या त्याने करून बघितल्या. तीन-तीनदा लिहिलेली ती ओळ तरी मिळावी. पण डिस्कवरच्या त्या जागेवर नवा सर्व्हर हातपाय पसरून बसला होता.

“काय शोधतोयस रे?”

“काही नाही.”

“चालतंय ना पण?”

“चालतंय.”

“आणि बंद पडलं तर?”

“मला फोन कर. केव्हाही कर.”

“असू दे, तू कामात असतोस,” आई म्हणाली आणि मायक्रोस्कोप झाकून ठेवायला गेली.