सगळं ताहेराच्या नावावर

कोऱ्या कापडावर अक्षरं थरथरत होती. खाली लूम चालू होते. त्यांच्या दणक्याने माडीच्या फळ्या हलत होत्या, फळ्यांवरचं टेबल हलत होतं, टेबलावरचा प्रोजेक्टर हलत होता, आणि पडदा म्हणून आमच्याच एका ताग्याचं कापड भिंतीला टांगलं होतं त्यावर चार ओळी थंडी भरल्यासारख्या कापत होत्या. छातीत गाठ आहे पण दुखत नाही. खुला कसा मागतात. चेकिंगचं काम दुसरीकडे कुठे मिळेल. अकलोलीला दोघांना राहायला खोली.

शेवटच्या ओळीला फिटर हसले. खुल्याच्या ओळीला कोणी हसलं नाही, कारण खुला म्हणजे बाईने आपण होऊन नवऱ्याकडून मागितलेली सुटका, आणि शेठ ताहेराच्या मोहल्ल्यातला. इथे दिसलेलं संध्याकाळपर्यंत तिच्या घरी पोचणार होतं.

कॉलेजातून आलेली मॅडम मात्र खुशीत होती. कॉम्प्युटर वापरणाऱ्या माणसांवर ती अभ्यास करत होती. दोन महिने तिने आमच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घालून ठेवलं होतं, त्यात इंटरनेटवर शोधलेलं सगळं जमा होत होतं. ही सातव्या क्रमांकाची वापरणारी, ती म्हणाली. नाव कुठेच नव्हतं. नाव काढलं की माणूस झाकला जातो असं तिला वाटलं असावं. ही बाई शिकलेली नाही, तरी हिने आपल्या कामापुरता स्वतःचा प्रोग्राम तयार केला, असं तिने कौतुकाने सांगितलं. मग आवाज थोडा उतरवून म्हणाली, पण ही फार अस्वस्थ आहे. जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरला असले प्रश्न पुन्हापुन्हा विचारते.

अख्ख्या भिवंडीत असा प्रोग्राम केलेली बाई आम्हाला एकच माहीत होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

ताहेरा कापडाकडे बघत होती. ओळींकडे नाही, कापडाकडे. वरच्या कोपऱ्यात एक धागा तुटलेला होता, तिची नजर तिथे होती. तिची सवयच ती. दिवसभर आम्ही काचेच्या टेबलावरून कापड ओढायचो, काचेखाली ट्यूब जळायची, आणि त्या उजेडात ताहेराचा तळवा कापडावरून असा फिरायचा की जणू झोपलेल्या लेकराची पाठ आहे. तळवा थांबला की तिथे खोट असायचीच. भोक, तेलाचा डाग, सुटलेला धागा. मी पुढे बसून सुटे धागे कात्रीने कापायची. बुद्धवाड्यातून चालत यायची, चौथी शिकलेली, पण उजेडाखाली तिचे हात बघून मला कळायचं की तागा चांगला की वाईट.

खोट सापडली की ती कॉम्प्युटरवर चढवायची. प्रत्येकीला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला होता. तीनदा चुकला की दार बंद, मग खाली जाऊन कारकुनाच्या विनवण्या. हात खळीने चिकट, बटणं बारीक, रोज कोणीतरी चुकायचीच. शेवटी ताहेरा म्हणाली, माझ्याच नावाने जा. घराची चावी शेजारणीकडे ठेवतात तसा तिचा पासवर्ड आम्हा चौघींकडे होता. मॅडमने अभ्यासाला परवानगी म्हणून सही घेतली तीही तिचीच. मशीन फक्त ताहेराला बघतंय असं आम्ही धरून चाललो. मूर्खपणा आमचा.

एक वाजता लूम थांबायचे. ती शांतता कानाला टोचायची. ताहेरा पलीकडच्या कोपऱ्यात जोहरच्या नमाजाला जायची आणि खुर्ची रिकामी व्हायची. मग एकेक जण तिथे बसायची. मराठी अक्षरं कुठे आहेत ते तिनेच मला दाखवलं होतं, एक बोट धरून. पण कोणी काही लिहायला लागली की ती तोंड रस्त्याकडे करायची. नमाज उरकून आली आणि खुर्चीत कोणी असलं तर खिडकीशी उभी राहून धामणकर नाक्याकडे जाणाऱ्या रिक्षा बघायची. काय लिहिलंस म्हणून तिने कधी कोणाला विचारलं नाही.

आणि तो तिचा तक्ता, मॅडम ज्याला प्रोग्राम म्हणाली तो. चौकटी चौकटींचा. त्यात लूमचा नंबर घातला, खोट घातली, की एकाच लूमची तीच खोट तिसऱ्यांदा आल्यावर चौकट आपोआप लाल व्हायची. फिटरला बोलवायला वेळेत सांगता यायचं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षं ती त्याच्याशी झगडत होती. पहिल्यांदा चौकट लाल झाली तेव्हा तिने टेबलावर थाप मारली आणि लगेच ओढणी सारखी केली. आधी फिटर तिला चिडवायचे, ताहेराबी, आता आमचीपण नोकरी खाणार काय. पुढे तेच येऊन विचारायचे, आज कुठली लाल.

त्या तक्त्यात शेवटी एक रांग होती. खुर्चीत कोण आणि किती वाजता. कामात चूक झाली तर भलतीवर येऊ नये म्हणून ती रांग तिने स्वतःहून केली होती. जेवणाच्या सुट्टीत बसलेलीचंही नाव त्यात जायचं, कारण आम्ही बसलो की सवयीने पहिलं आपलं अक्षर टाकायचो.

शेठने दिवा लावायला सांगितला. पिवळ्या उजेडात अक्षरं फिकी झाली, गेली नाहीत. त्याने विचारलं, हे कोणाचं.

ताहेरा उभी राहिली. "सगळं माझंच हाय."

शेठ वाईट माणूस नव्हता, पण खुळाही नव्हता. म्हणाला, "एक वाजता तू जोहरला असतेस. रोज बघतो मी. मग लिहितं कोण? तुझा तो तक्ता उघड. त्यात नावं हायत."

मॅडम आता पांढरी पडली होती. असं दाखवायचं नसतं, असं काहीसं बोलू लागली, पण तिचं ऐकतं कोण. खाली लूम दणकत होते. माझ्या हातात कात्री होती आणि कापायला काहीच नव्हतं.

ताहेरा खुर्चीत बसली. तक्ता उघडला. तोही कापडावर दिसला, हिरव्या चौकटी, मध्येमध्ये लाल, अंगणात मिरच्या वाळत घातल्यासारख्या. तिने हात माऊसवर ठेवला, तोच तळवा, कापडावर थांबायचा तसा थांबला. मला वाटलं आता रांग उघडेल. तिने सगळा तक्ता निळा केला आणि पुसला. मग जिथे जपून ठेवला होता तिथूनही काढला. दोन वर्षं दोन श्वासांत गेली.

"नावं न्हायत," ती म्हणाली. "बोलले ना, माझंच हाय."

त्या संध्याकाळी तिचं काम गेलं. घरी काय झालं ते तिने सांगितलं नाही. एवढं दिसलं की महिनाभर नवरा तिच्याशी बोलत नव्हता आणि सासू रोज येऊन दारात बसत होती. मॅडम दोनदा माफी मागायला तिच्या घरी गेली, ताहेराने पाणी दिलं, बोलणं दिलं नाही. आमच्यापैकी कोणीही शेठकडे जाऊन खरं सांगितलं नाही. मीही नाही. लाज वाटते का असं कोणी विचारलं तर वाटते, पण लाजेने कोणाचं काम परत येत नाही.

आता ती धामणकर नाक्यावर एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे फॉर्म भरते. मी अधूनमधून जाते. समोर रिक्षांचा गोंगाट, धूर, ऊन काउंटरच्या काचेवर चिरफाळलेलं. तिचे हात स्वस्थ नसतात, काचेवरून उगाच फिरत राहतात, खोट शोधत. गिऱ्हाईक पासवर्ड घालायला लागलं की ती अजून तोंड रस्त्याकडे करते. तक्ता पुन्हा केला नाहीस का, मी एकदा विचारलं. म्हणाली, मावशी, तो त्या लूमचा होता.

त्या दिवशी कुठली ओळ कोणाची ते मला मानांवरून कळलं. कोणती मान कधी खाली गेली ते मी बघितलं होतं. ताहेराला आजही माहीत नाही. तिने काय अंगावर घेतलं ते न बघताच घेतलं. खुला कोणाचा, काम कोणाचं, अकलोलीची खोली कोणाची, हे मीही सांगणार नाही.

गाठ माझी होती. वेळेत काढली. मी आहे.