जोडलेल्या सगळ्या नोंदी

मयुरी पहिल्यांदा माझ्या सेंटरवर आली तेव्हा तिच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं आणि डावा डोळा काळानिळा सुजला होता. अंगठ्याच्या मशीनवर तिने डावा अंगठा ठेवला. मी काही विचारलं नाही. सेलूच्या बसस्टँडमागे बारा वर्षं लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतेय; बाईचा डोळा कशाने सुजतो हे मला विचारावं लागत नाही. डोक्यात तिडीक मात्र दर वेळी जाते.

तिनेच सांगितलं. नवरा हेमराज हिंगणघाटला. मारायला त्याला कारण लागायचं नाही. शेवटी एक दिवस त्याने तिचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लाथेने बंद केलं. दुसऱ्या हाताने सहा वर्षांच्या अंकिताला ओढत ती एसटीत बसली. आता माझ्याच गल्लीत, बाबारावांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होती. पोरीला शाळेत घालायचं तर सरकारी नोंदीत सेलूचा पत्ता हवा होता, आणि नोंदी तिघांच्या एकत्र जोडलेल्या होत्या.

"ताई, फक्त आमच्या दोघींचाच पत्ता बदलवा," ती म्हणाली. "त्याच्या नोंदीले हात नका लावू. मी कुठं हाय ते त्याले समजलं तर जीवच घेईन तो माहा."

"मले नको शिकवू बाई. बारा वर्षांपासून हेच करून राह्यली मी."

कुटुंबाच्या फॉर्मवर सगळ्यात खाली एक चौकोन असतो: 'हाच बदल जोडलेल्या सर्व सदस्यांच्या नोंदींत करा.' तिथे मी नेहमी टिक करते. नाही केली तर नोंदी जुळत नाहीत म्हणून फॉर्म आठ दिवसांनी परत येतो, आणि माणसं पुन्हा एसटीचे धक्के खात माझ्या दारात येतात. जयाबाईकडे एका खेपेत काम होतं, असं लोक म्हणतात आणि मला ते ऐकायला आवडतं. मयुरीचं बोलणं मी नीट ऐकलं होतं. तरी टिक केली. हिला कामातलं काय कळतं, असं मनात आलं होतं, हेही सांगून टाकते.

तीन दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास बाबाराव धापा टाकत दुकानात शिरले.

"जया, तिचा नवरा आला! मारून राह्यला तिले! मीच लॅचची दुसरी चाबी देली वो त्याले. ती दार उघडत नव्हती, तर त्यानं मोबाईलवर नोंद दाखवली. त्याचाबी पत्ता आपल्या खोलीचाच हाय. मले वाटलं, त्याचंच घर हाय..."

कुटुंबप्रमुख म्हणून नोंदीत हेमराजचाच नंबर होता. बदल झाल्याचा मेसेज, नव्या पत्त्यासकट, त्याच्याच मोबाईलवर गेला होता. बाबारावांना पोलिसांना फोन लावायला सांगितलं, शटर ओढायचा लोखंडी गज उचलला आणि धावले.

हेमराजने तिचे केस मुठीला गुंडाळले होते आणि तो तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटत होता. एकदा, थांबून पुन्हा एकदा. त्याला घाई नव्हती. परातीतल्या कणकेवर रक्त सांडलं होतं. अंकिता खाटेखाली कान झाकून पडली होती.

मी त्याच्या पाठीत गज घातला. तो वळला आणि त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. समोरचे दोन दात गेले, मी खाली पडले. त्याने कोपऱ्यातला वरवंटा उचलला आणि मयुरीच्या डोक्यावर उगारला. मी पडल्या पडल्याच त्याच्या गुडघ्यावर गज फिरवला. हाड मोडल्याचा आवाज आला. खोटं कशाला बोलू, तो ऐकून मला बरं वाटलं. म्हणून आणखी एकदा मारला.

हवालदार आले तेव्हा हेमराज जमिनीवर लोळत ओरडत होता. "साहेब, माह्या घरात घुसून मारलं मले हिनं! पत्ता पाहा माहा!"

हवालदारांनी त्याचा मोबाईल पाहिला. मग मयुरीकडे वळले. "ताई, नोंदीत तर याचंबी घर हेच हाय."

मयुरीने फक्त मान हलवली, नाही म्हणून. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं.

सर्व्हरची चूक म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. बारा वर्षांत माझ्या किती चुका मी सर्व्हरच्या माथी मारल्या आहेत. पण मग हा माणूस पाय बरा झाला की याच दाराने परत आत आला असता, कागद दाखवून.

"साहेब, हा इथं एक दिवसबी राह्यला नाई," मी म्हटलं. तोंडातून रक्त येत होतं. "तिनं नको म्हटलं होतं, तरी याचा पत्ता मी बदलला. माह्या नावानं लिहून घ्या."

सेंटर बंद होणार हे मला माहीत होतं. गज खाली ठेवून मी जबाबावर सही केली.

अंकिता खाटेखालून निघाली आणि आईला चिकटली. माझ्याकडे बोट करून तिने विचारलं, "आई, बाबाले आपलं घर हिनंच सांगितलं काय?"

मयुरीने तिला पदराखाली घेतलं.

"हो," मीच म्हटलं.